आप्पा, वासरू आणि ओटची वाटी

बऱ्याच दिवसांत इथं काही लिहिलं नाही. कारण ऐकलंत तर हसाल. ओट्स! आमच्या घरात रोज सकाळी आठ वाजता जे महाभारत चालायचं ते एका वाटीवरून, आणि ते निस्तरल्याशिवाय लिहायला बसायचं त्राण नव्हतं. आता बऱ्यापैकी निस्तरलंय, म्हणून बसलेय. नात्यातल्या मंडळींना अर्धी गोष्ट फोनवर कळलेली आहेच. (वन्सं, तुम्ही ऐकलीत ती आप्पांची बाजू. ही माझी.)

तर झालं असं. नोव्हेंबर २०२४. दिवाळी उरकून आठवडा झाला असेल-नसेल, पहाटे धार काढताना आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. आप्पा म्हणजे माझे सासरे, वय ७४. "पित्त झालंय" म्हणून त्यांनी सोडा प्यायला, आणखी एका गायीची धार काढली, आणि मग गोठ्यातच खाली बसले. नाशिक रस्त्यानं पुणं आमच्यापासून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. तो प्रवास मी इथं लिहिणार नाही. दोन स्टेंट बसले, आठव्या दिवशी आप्पा घरी आले आणि त्यांच्यासोबत आला एक कागद. तेल कमी. मीठ कमी. साखर आणि गूळ बंद (मधुमेह त्यांना बारा वर्षांपासून आहे). आणि शेवटी, नाश्ता : ओट्स.

ज्यांनी आळेफाटा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता जिथं एकमेकांना छेदतात ते हे ठिकाण. इथं रात्री दोन वाजतासुद्धा गरम वडा मिळतो. एसटी थांबते, ट्रक थांबतात, कांद्याच्या लिलावाला आलेले शेतकरी थांबतात आणि प्रत्येक थांब्यासमोर एक कढई उकळत असते. आमचं घर फाट्यापासून थोडं आत, आळे गावाच्या अंगाला शेतात आहे. पण आप्पांची रोजची फेरी फाट्यावर. अशा गावात एका माणसाला तेल-मीठ-साखर बंद म्हणजे घरात राहूनच हद्दपारीची शिक्षा झाली.

मी लगेच कामाला लागले. मी शाळेत शिकवते, त्यामुळे कागदावर लिहिलेलं तंतोतंत पाळायचं ही माझी सवय. दुकानातून ओट्सचा डबा आणला, स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला, ४० ग्रॅम मोजले, पाण्यात शिजवले आणि वाटी आप्पांसमोर ठेवली.

आप्पांनी चमचा आत घातला, वर काढला. चमच्यावरून ते हळूहळू, एका तारेत खाली आलं.

"सूनबाई, निवडणुकीला भिंतीवर कागद डकवायची खळ अशीच असती."

मग त्यांनी डबा हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "हा ओट म्हंजी आपल्या वावरातला तो ओट का काय?"

आता इथं पंचाईत झाली. कारण खरंच तोच! आमच्याकडे दरवर्षी थंडीत गायींसाठी दहा गुंठे ओट असतो. यांचं फाट्यावर बियाणं-औषधांचं दुकान आहे, तिथूनच बी येतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला 'फुले हरिता' किंवा जुना 'केंट'. पेरल्यापासून पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी, नंतर महिना-सव्वा महिन्यानं दुसरी. गायी त्यावर तुटून पडतात. म्हणजे ज्या वेळी माझे सासरे खाटेवर बसून ओटची वाटी बघत होते, त्याच वेळी खिडकीतून हिरवागार ओट डोलताना दिसत होता आणि यांचा गडी त्याचा भारा बांधत होता.

"बरंय," आप्पा म्हणाले, "आळ्यात रेड्याची समाधी हाय. ज्यानं वेद म्हटले त्यो रेडा आपल्या गावात. आता माणसानं चारा खाल्ला म्हंजी फिट्टंफाट."

(ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधी आमच्या आळे गावात आहे. पाहुणे आले की आम्ही आवर्जून दाखवतो.)

मी त्यांना सांगितलं की ही चेष्टा फार जुनी आहे. इंग्रजीतला पहिला गाजलेला शब्दकोश करणाऱ्या सॅम्युएल जॉन्सननं १७५५ मध्ये ओटचा अर्थ देताना असंच डिवचलं होतं, की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात. आप्पा म्हणाले, "मग त्या स्कॉटलंडच्या माणसाला इचार, कशासंगं खातो."

विचारण्यासारखंच होतं. विचारायला मला दीड महिना लागला.

त्या दीड महिन्यात मी काय काय केलं? पाण्याऐवजी दुधात शिजवले. थोडे बरे लागले, पण फिकेच. मग माझं मन विरघळलं आणि मी त्यात सुपारीएवढा गूळ घातला. साखर नाही ना, गूळ तर आहे, असं स्वतःला समजावत. आप्पांनी वाटी चाटून पुसून खाल्ली. दोन तासांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि मी गप्प झाले. आपल्याकडे गुळाला फार मान. गूळ म्हणजे औषधी, गूळ म्हणजे लोह. थोडंफार असेलही, पण रक्तातल्या साखरेला साखर आणि गूळ यांतला फरक कळत नाही. मधाचंही तेच. हे मला पाठ्यपुस्तकात माहीत होतं, हातात चमचा असताना विसरले.

त्यानंतर तयार मसाला ओट्सची पाकिटं आणली. तीन मिनिटांत होतं, वास झक्कास. आप्पा खूश. धाकटीनं सहज पाकीट उलटं करून वाचलं, "आई, यात सोडियम बघितलंस का?" जागतिक आरोग्य संघटना सांगते की धडधाकट माणसानंसुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता सपाट नाही. यात भाजी, भाकरी, लोणचं, पापड, चटणी सगळं आलं. त्या हिशोबात सकाळच्या एका पाकिटानंच बराच मोठा घास घेतला असता. पाकिटं बंद.

मग यांनी दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि आप्पांना चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर ते रक्तात वाढू शकतं. हे मला अजिबात माहीत नव्हतं. कुणी घरात असं मीठ वापरत असाल आणि हृदयाच्या, रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू असतील तर एकदा विचारून घ्या, एवढ्यासाठी इथं लिहिते.

शेवटी परत पाण्यातले ओट्स. पण या वेळी नवल झालं. आप्पा कुरकुर न करता वाटी घेऊन बाहेर ओट्यावर जायचे, "उन्हात बसून खातो" म्हणायचे आणि दहा मिनिटांत रिकामी वाटी मोरीत आणून ठेवायचे. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सवय लागली, म्हटलं. लोकांना फोनवर सांगितलंसुद्धा. फक्त आप्पांचे कपडे ढिले होत चालले होते. मला वाटलं पथ्यानं वजन उतरतंय, चांगलंच आहे.

जानेवारीत एका शनिवारी शाळा लवकर सुटली. साडेआठच्या सुमारास मी मागच्या दारानं आले. आप्पा गोठ्यात उकिडवे बसले होते, आणि चार महिन्यांचं वासरू त्यांच्या हातातल्या वाटीत तोंड घालून माझे ४० ग्रॅम मोजलेले ओट्स फस्त करत होतं. आप्पा त्याच्या मानेवरून हात फिरवत सांगत होते, "खा. तुपल्यासाठीच बनवलंय तिनं."

मी चिडले. खूप चिडले. नको ते बोलले. तुमच्यासाठी पहाटे उठते, काट्यावर मोजते, वाचते, डॉक्टरांना फोन करते आणि तुम्ही! परत त्या दवाखान्यात जायचंय का? आप्पा काही बोलले नाहीत. वाटी खाली ठेवली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सूनबाई, तुम्ही समदी आत भाकरी-कालवण खाता. मला वायलं. वाटी वायली, चमचा वायला. येळ वायली. तुपली सासू गेली तवापासून तसंही ताटाव बसायचं मन न्हाय. त्यात ही खळ."

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी त्यांच्या नाश्त्याबद्दल एवढं वाचलं होतं, पण तो त्यांनी कुठं आणि कुणाबरोबर खायचा याचा विचार केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी ओट्सचा डबा, काटा आणि कढई आप्पांसमोर ठेवली आणि म्हटलं, "तुम्हीच सांगा काय करायचं. तेल एक छोटा चमचा. मीठ चिमूटभर. बाकी काहीही."

आप्पांनी मूठभर ओट्स तळहातावर घेऊन चोळले, हुंगले. "हे तू कच्चंच पाण्यात टाकती?"

"हो."

"तुपली सासू कण्या कधी कच्च्या टाकायची न्हाय. आधी भाजायची. आणि कण्या पाण्यात शिजवून ताकात खायच्या असत्यात. हे दुधात घालायचं कुणी सांगितलं?"

आणि मला एकदम आईंच्या ज्वारीच्या कण्या आठवल्या. ज्वारी जात्यावर भरडायची, पीठ चाळून घ्यायचं, राहिलेल्या कण्या लोखंडी कढईत कोरड्या भाजायच्या, शिजवायच्या, कोमट झाल्या की ताक घालायचं आणि वरून लसणाची फोडणी. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात खाल्लेल्या. गेल्या कित्येक वर्षांत केल्याच नव्हत्या. मी ओट्सना परदेशी पाहुणा समजून काटा-चमचा देत बसले होते, आणि त्यांची चुलतबहीण आमच्याच फडताळात होती.

तर आमच्या घरचा पहिला जमलेला ओट हा असा. प्रमाणासकट देते, कारण तीन जणींनी फोनवर विचारलं.

एका माणसाला अर्धी वाटी, म्हणजे ४० ग्रॅम साधे ओट्स. लोखंडी कढईत मंद आचेवर कोरडेच तीन-चार मिनिटं भाजायचे, शेंगदाणे भाजल्यासारखा वास येईपर्यंत. ही पायरी गाळू नका, निम्मी चव इथंच आहे, आणि भाजलेल्याचा चिकटाही कमी होतो. मग एक वाटी पाणी घालून पाच मिनिटं शिजवायचे. गॅस बंद. कोमट झाल्यावरच अर्धी वाटी ताजं ताक घालून ढवळायचं. गरमात घातलं की फुटतं, आम्ही एकदा करून बघितलंय! छोट्या कढल्यात चहाचा एक चमचा शेंगदाण्याचं तेल, जिरं, ठेचलेल्या तीन लसूण पाकळ्या, कढीपत्ता, अर्धी हिरवी मिरची. लसूण लालसर झाली की चर्रर्र करून वर ओतायची. कोथिंबीर. आणि मीठ अगदी शेवटी, वरून, चिमटीनं. शिजताना घातलेलं मीठ आत हरवतं, वर भुरभुरवलेलं आधी जिभेला लागतं, त्यामुळे कमी पुरतं. ताकाच्या आंबटपणामुळे तर आणखी कमी.

त्या दिवशी आम्ही पाचही जणांनी तेच खाल्लं. खाली चटईवर बसून, सारख्या ताटल्यांत. धाकटीनं नाक मुरडलं, मग दुसऱ्यांदा घेतलं. आप्पांनी बोटं चाटली आणि एवढंच म्हणाले, "कण्यांची सर न्हाय. पण खाता येतंय."

मला तेवढं पुष्कळ होतं.

त्यानंतर आमचा प्रयोगांचा कारखाना सुरू झाला आणि त्याचे मुकादम आप्पा. आमच्या भागात काय पिकतं ते बघून ते सकाळी फर्मान काढतात. कांदा तर आमच्याकडे पोत्यानंच. भरपूर कांदा थोड्या तेलात झाकण ठेवून मऊ परतायचा, त्याची स्वतःची गोडी उतरते. वर एक टोमॅटो, आलं, हळद, मूठभर मटार किंवा गाजर, आणि भाजलेले ओट्स. हा झाला 'टमाट्यातला'. शेवग्याच्या कोवळ्या पाल्याचा आणि मेथीचाही छान होतो. मूठभर मूगडाळ आधी शिजवून त्यात ओट्स घातले की पातळ खिचडी होते, दुपारपर्यंत भूक लागत नाही. ज्यांना चालतं त्यांनी वर उकडलेलं अंडं घ्यावं.

चटण्यांनी मात्र खरा चमत्कार केला. कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची. एरवी घरात चटणी करताना मीठ सढळ पडतं. मी आता तीनही बिनमिठाच्या कुटून ठेवते. भाजलेलं कारळं, लसूण, लाल मिरची आणि आंबटपणाला थोडं आमसूल. एक चमचा चटणी वर टाकली की त्या गुळगुळीत वाटीत दाताखाली काहीतरी येतं. मला वाटतं आप्पांची अर्धी तक्रार चवीची नव्हतीच, दातांना काही काम नसल्याची होती. भाजलेले शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया, थोडे डाळवे, यातलं काहीही चालतं.

गोड खावंसं वाटतंच की माणसाला. त्यासाठी आम्ही बऱ्याच खटपटी करून दोन प्रकार ठरवले. एक, लाल भोपळा किसून ओट्सबरोबरच दुधात शिजवायचा, वेलची आणि जायफळ. साखर न घालता इतकी गोडी येते की पहिल्यांदा मी स्वतः यांच्यावर संशय घेतला! दुसरा, दालचिनीचा तुकडा घालून शिजवलेले ओट्स आणि वर अर्धं सफरचंद किंवा पेरू बारीक चिरून. पिकलेलं केळं कुस्करलं तर सगळ्यात छान लागतं, पण आप्पांच्या साखरेला अर्ध्याहून जास्त झेपत नाही. द्राक्षांच्या दिवसांत, जुन्नर तालुक्यात राहून द्राक्षं नाही म्हणायची कशी? पाच-सहा मणी, मोजून. वेलची, दालचिनी, जायफळ यांच्या वासानं जिभेची गोडाची अपेक्षा निम्मी पुरी होते. खजूर आणि बेदाणे आरोग्याचे म्हणून मूठभर घालणाऱ्या मैत्रिणींनो, एक-दोनच घाला, तीही साखरच आहे.

उन्हाळ्यात आप्पांनीच सुचवलं, "आंबील कर की." नाचणीच्या आंबिलीसारखी. रात्री ओट्स भाजून, बारीक करून ताकात भिजवायचे, सकाळी पाणी घालून पळीवाढं शिजवायचं, गार झालं की जिरेपूड आणि ठेचलेलं आलं घालून प्यायचं. आधी शिजवताना फुटली. मग चमचाभर नाचणीचं पीठ मिसळून सतत ढवळत बारीक आचेवर केली तर जमली.

ओट्स घेताना एक लक्षात ठेवा. पोह्यांचं उदाहरण देते. पातळ पोहे आणि जाडे पोहे असतात ना, तसंच. दोन मिनिटांत होणारे ते पातळ पोहे. ते पोटातही तितक्याच लवकर विरघळतात आणि साखर लवकर चढवतात. जाडे, पाच मिनिटं घेणारे बरे. आणि दाणे नुसते कापलेले मिळतात ते म्हणजे थेट कण्याच. रात्री भिजवावे लागतात, वीस-पंचवीस मिनिटं शिजतात, पण मधुमेह्यांना सगळ्यात सोयीचे. आप्पांना तेच सगळ्यात आवडतात हे सांगायला नकोच.

मग एक दिवस आप्पांनी विचारलं, "एवढं पैशे देऊन डबा आणता. आपल्या वावरातला ओट दळून आणला तर?" प्रश्न बिनतोड होता. पण चाऱ्याचा ओट आपण दाणा भरायच्या आधीच कापतो. दाणा धरला तरी त्याचं टरफल गव्हासारखं झोडपून सुटत नाही, वेगळं यंत्र लागतं. त्यात ओटच्या दाण्यात बाकीच्या धान्यांपेक्षा तेल जास्त, म्हणून गिरणीत त्याला वाफवून वाळवतात, नाहीतर पीठ कडू पडतं. आणि यांच्या दुकानातलं बियाणं म्हणाल तर त्याला औषध चोळलेलं असतं, ते चुकूनही खायचं नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी गायीचा ओट गायीला आणि मपला ओट मला. बरं झालं, वाटणी झाली."

आता एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. ज्वारी-बाजरी-नाचणी काय वाईट आहे? अजिबात नाही. २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. नाचणीत कॅल्शियम आहे तेवढं ओट्समध्ये कुठलं! ओट्सचं वेगळेपण एकच. त्यात बीटा ग्लुकान नावाचा चिकट तंतू असतो. हो, तीच खळ! ती आतड्यात पित्त धरून बाहेर नेते, मग यकृताला नवं पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. दिवसाला ३ ग्रॅम बीटा ग्लुकान लागतं, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर तसं छापायला परवानगी दिली. आमच्या ४० ग्रॅमच्या वाटीतून दीड-दोन ग्रॅम मिळतं. फायदा किती, तर वाईट कोलेस्टेरॉल साधारण पाच-सात टक्के कमी. म्हणजे मदत आहे, जादू नाही. सातूतही तोच तंतू असतो, त्यामुळे आता संध्याकाळी कधीकधी सातूही करते. आठवड्यातून दोन दिवस आप्पांसाठी खऱ्याखुऱ्या ज्वारीच्या कण्या असतात.

आणि तो स्कॉटलंडचा माणूस? त्याचंही कळलं. तिथं कारब्रिज नावाच्या खेड्यात १९९४ पासून ओटची लापशी करायची जागतिक स्पर्धा भरते. पारंपरिक गटात फक्त तीन गोष्टी वापरायच्या : ओट, पाणी, मीठ. बक्षीस म्हणून सोनेरी ढवळणं देतात. आप्पांना सांगितलं तर ते विचारात पडले. "नुसतं पाणी-मीठ? मग त्यांची बी सूनबाई मास्तरीण आसंल."

मिठाचं मात्र अजून सांगायचं राहिलं. पहिल्या दीड महिन्यात आमची सगळ्यात मोठी भांडणं मिठावरून व्हायची. मी डबा लपवायचे, ते शोधायचे. त्या वासराच्या प्रकरणानंतर मी डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसभराचं मीठ सकाळी एका छोट्या डबीत मोजून आप्पांच्या हातात द्यायला लागले. त्यांच्या ताटातलं सगळं आळणी शिजतं, मीठ वरून त्यांनीच घ्यायचं. डबी संपली की संपली. खरं सांगते, मला वाटलं होतं डबी दुपारपर्यंत रिकामी होणार. पण आयुष्यभर बाजाराला जाताना खिशात मोजकेच पैसे नेलेला माणूस तो. सकाळी ओटवर दोन कण टाकतात आणि म्हणतात, "संध्याकाळी पिठलं हाय, तवा लागंल." कधीकधी रात्री झोपताना डबी हलवून दाखवतात, आत खुळखुळतं. उरलेलं मीठ दाखवतानाचा त्यांचा चेहरा लिलावात चांगला भाव मिळाल्यासारखा असतो.

ओट्सनं काय फरक पडला? पुढच्या तपासणीत आकडे बरे आले. पण गोळ्याही चालू आहेत, रोज फाट्यापर्यंत चालणंही आहे, वडा बंद आहे (मला सांगतात तरी तसं). श्रेय कुणाला द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू दे. वजन मात्र जागेवर आलं आणि कपडे परत अंगाला बसायला लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतेय. आता सकाळी आठ वाजता आप्पा स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात, "आज कोणता, ताकातला का टमाट्यातला?" आणि आम्ही सगळे एका ओळीत बसतो. यांना उशीर झाला तर आप्पा थांबतात.

वाईट फक्त एकाचं झालं. ते वासरू आता चांगलं थोराड झालंय. पण अजूनही आठ वाजले की दाव्याला ताण देऊन घराच्या दाराकडे मान वर करून उभं राहतं. आप्पा बाहेर जाऊन त्याच्या पुढ्यात हिरवा चारा टाकतात आणि त्याची समजूत घालतात, "आता न्हाय रं. आता चवीला लागलाय, मलाच पुरत न्हाय."